एसीचा मास्तर

२३ जून, रविवार

लिहायला उशीर केला त्याबद्दल माफी. कोणाची मागतोय ते माहीत नाही, कारण ही वही कोणी वाचणार नाही असं ब्रिएलबाईने कबूल केलंय. रोज लिहा आणि स्वतःच्या शिकवण्यावर विचार करा, असं तिने तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं. मी अजून कोणाला काही शिकवलेलंच नाही, तर विचार कशावर करू? म्हणून उशीर झाला. चूक तिची आहे.

ब्रिएलबाई म्हणजे कॉम्प्युटरवरून आमचा मास्तरकीचा कोर्स घेणारी सव्वीस वर्षांची पोरगी. आमच्या टेक्सासात कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही आडवाटेने मास्तर होता येतं. धंद्याचं लायसन हवं, अनुभव हवा आणि ब्रिएलबाईचा कोर्स सोसायची ताकद हवी. शिवाय ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या आत एखाद्या शाळेने नोकरी द्यायला हवी. नाही दिली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मला देतीलच. चव्वेचाळीस वर्षं एसी दुरुस्त करतोय. या काउंटीत मी गार केलं नाही असं एकही छप्पर नाही. गेल्या उन्हाळ्यात बँकेच्या छपरावर चक्कर येऊन पडलो. डॉक्टर म्हणाला, क्रेनेक, पुन्हा वर चढलास तर खाली उतरवायला चार माणसं लागतील. त्याला काय कळतंय! पण मास्तरकी सावलीतली. आणि मास्तरला पोरं सर म्हणतात.

निश्चय: कोणावर रागवायचं नाही.

२५ जून

जॉर्जीनवर रागावलो. आमच्या घरचा एसी आठवडाभर बंद आहे. म्हणाली, जन्मभर गावाला गारवा वाटत फिरलास, आणि तुझी बायको चर्चच्या पत्रकाने वारा घेत बसलीय. मी सांगितलं, कॉम्प्रेसर गेलाय, ऑर्डर केलाय, येईल. ती म्हणे, उघडून तरी बघितलंस का? मला उघडायची गरज नाही. मी आवाजावरून ओळखतो. ती म्हणाली, अरे, आवाज येतच नाहीये! मी म्हटलं, तेच तर.

मग ती स्क्रूड्रायव्हर घेऊन मागच्या अंगणात निघाली. काढून घेतला. माझ्या यंत्राला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. हा नियम मी आयुष्यात एकदाही मोडलेला नाही.

३ जुलै

ब्रिएलबाईचा धडा. शिकवण्याच्या तीन पायऱ्या म्हणे. आधी मी करतो, मग आपण करतो, मग तू करतोस. मी हात वर केला. विचारलं, पहिल्याच पायरीवर काम झालं तर पुढच्या दोन कशाला? ती हसून म्हणाली, मिस्टर के, त्या दोन पायऱ्यांनाच तर शिकवणं म्हणतात. मिस्टर के! माझं आडनाव उच्चारायला हिची जीभ झिजते.

बाकीचे विद्यार्थी हसले. एक केस कापणारी आहे आणि एक तुरुंगातला स्वयंपाकी. त्यांनी मला हसावं!

१२ जुलै, शुक्रवार

शाळांचा नोकरी-मेळावा. नवा टाय लावून गेलो. घामाने त्याचा रंग शर्टावर उतरला.

इथे मास्तरानेच शाळेचा संघही सांभाळायचा असतो, म्हणून प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न. तुम्ही कुठल्या खेळाचे कोच होऊ शकता? मी एसी शिकवायला आलोय, फुटबॉल नाही. एकाने विचारलं, निदान बस चालवता का? त्याला मी असा पाहिला की तो पाणी प्यायला निघून गेला.

शेवटी आमच्याच गावच्या हायस्कूलचं टेबल. मुख्याध्यापिका मिसेस ओडम. हिच्या आईचा फ्रिज मी तीनदा दुरुस्त केलाय. तिनेही कोचिंगचं विचारलं. मी म्हटलं, डॉमिनोज, ठिपक्यांच्या सोंगट्यांचा खेळ. चर्चच्या हॉलमध्ये मला हरवणारा अजून जन्मायचाय. ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. तिला मी आवडलो. दहा दिवसांनी नमुन्याचा धडा घ्यायला बोलावलंय.

नोकरी मिळाल्यात जमा आहे.

२१ जुलै, रविवार

चर्चचा उन्हाळी मेळा. सॉसेज, नूडल्सचं सूप, बँड, लिलाव. मी फक्त डॉमिनोजच्या टेबलावरच्या आडोल्फला सांगितलं की शाळेचं काम जवळपास झालंय. आडोल्फने बँडवाल्यांना सांगितलं. बँडवाल्यांनी फादरना. फादरनी रजईचा लिलाव थांबवून माइकवरून जाहीर केलं, की आपले डेल्बर्ट क्रेनेक आता हायस्कूलमध्ये शिक्षक! टाळ्या. लोक उठून उभे राहिले. मी काय करणार? हात हलवला.

जॉर्जीन कोलाचीच्या, म्हणजे फळं भरलेल्या गोड पावांच्या, स्टॉलवर होती. जर्दाळूचा कोलाचा माझ्या हातात आपटून म्हणाली, हा तोंडात कोंब आणि नोकरी लागेपर्यंत काढू नकोस.

हिला माझं चांगलं झालेलं बघवत नाही.

२२ जुलै

नमुन्याचा धडा. अप्रतिम.

पाच पोरं, एक बंद पडलेला खिडकीचा एसी, मागे खुर्च्यांवर मिसेस ओडम आणि दोन मास्तर. मी नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही. पोरांकडे पाठ केली आणि कामाला लागलो. एका पोराने विचारलं, सर, मी मीटर धरू का? सर म्हणाला! मी त्याच्या हातावर चापटी मारली आणि सांगितलं, लांबून बघ. एक मुलगी पुढे येऊन वाकली. तिलाही मागे ढकललं.  मागे वळून पाहिलं तर दोन पोरं डोळे मिटून एकाग्र झाली होती.

एसी सुरू झाला. बर्फासारखी हवा. टाळ्या नाहीत, पण तो शाळेच्या शिस्तीचा भाग असावा.

मिसेस ओडमने विचारलं, मुलं आज काय शिकली असं तुम्हाला वाटतं? मी म्हटलं, माझ्या मध्ये न यायला. पहिल्या वर्षी तेवढं पुरे.

तिने काहीतरी बराच वेळ लिहून घेतलं.

२९ जुलै

फोन नाही. साहजिक आहे. अशी नेमणूक चटकन करता येत नाही, वरपर्यंत जावं लागतं. दोन नवे शर्ट घेतले. घरात ९६ डिग्री फॅरनहाइट. जॉर्जीन बहिणीकडे, तिच्या गार तळघरात, राहायला जाते म्हणतेय. जा म्हटलं. गेली नाही. तिथे टीव्ही नाही.

१ ऑगस्ट

मिसेस ओडमचा फोन. नोकरी टॅनर बेझ्डेकला दिली.

टॅनर बेझ्डेक तेवीस वर्षांचा आहे. पैलवानासारखा, मानेचा पत्ता नाही. बापाच्या एसीच्या धंद्यात पाच वर्षं पाने-स्क्रूड्रायव्हर उचलून दिले, एवढाच अनुभव. हाही ब्रिएलबाईच्याच आडवाटेने आलेला. पण फुटबॉलचा कोच होतो आणि बस चालवतो! मी मिसेस ओडमला स्पष्ट विचारलं, त्याला कॉम्प्रेसर कळतो का? ती म्हणाली, फारसा नाही, म्हणून तो मुलांबरोबर शोधत बसतो, आणि ते मला आवडलं.

मग म्हणते, डेल्बर्ट, शाळेच्या देखभालीसाठी मात्र माणूस हवाय. छपरावर एसीची अकरा यंत्रं आहेत. तुझ्यासारखा हात दुसरा नाही.

मी म्हटलं, बाई, मी शिक्षक आहे. आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्याचा आवाज चांगला मोठा आला. समाधान वाटलं.

४ ऑगस्ट

चर्चमध्ये फादरनी विचारलं, वर्ग कधी सुरू? मी म्हटलं, लवकरच. हे खोटं नाही. वर्ग सुरू होणारच आहेत.

आडोल्फ मला प्रोफेसर म्हणायला लागलाय.

१४ ऑगस्ट, बुधवार

शाळा उघडली. खिडकीतून बस जाताना पाहिली. बेझ्डेक चालवत होता. हात केला त्याने. मी पडदा ओढला.

ब्रिएलबाईचा निरोप आला, की मुदत संपली, पण पुढच्या वर्षी नव्याने नाव घालता येईल, खचू नका मिस्टर के. खचतंय कोण!

२४ ऑगस्ट, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

जॉर्जीनने माझ्यामागे शाळेत फोन केला. सकाळी दारात बस. बेझ्डेक आणि सहा पोरं. प्रॅक्टिकलसाठी आलोत म्हणाला, मिसेस क्रेनेकनी बोलावलंय, आणि सर, तुमच्यासारख्या माणसाच्या घरी शिकायला मिळणं म्हणजे... वगैरे. लोणी लावतो. मी अंगणात जायला निघालो तर म्हणाला, सर, माफ करा, शाळेचा नियम आहे, मुलं काम करत असताना यंत्राला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

माझ्या अंगणात. माझं यंत्र. जॉर्जीनने माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

बेझ्डेक खिशात हात घालून उभा. काही करत नव्हता! पोरंच आपसात भांडत होती. मी नमुन्याच्या धड्यात मागे ढकललेली ती मुलगी होती. तिने मेन स्विच बंद केला, मीटर लावून खात्री केली, बाहेरच्या यंत्राचं झाकण उघडलं आणि ओरडली, मुंग्या! आतल्या छोट्या स्विचच्या पत्र्यांमध्ये मेलेल्या लाल मुंग्यांचा थर बसला होता, म्हणून पत्रे एकमेकांना टेकत नव्हते आणि वीज पुढे जात नव्हती. तिने पत्रे घासून साफ केले. झाकण लावलं. मेन स्विच चालू केला.

यंत्र सुरू झालं. आवाजावरून लगेच ओळखलं.

जॉर्जीन माझ्याकडे बघत म्हणाली, आणि कॉम्प्रेसर? मी सांगितलं, मुंग्या मला ठाऊक होत्या. पोरांच्या परीक्षेसाठी मुद्दाम ठेवल्या होत्या.

ती हसली. सगळ्या उन्हाळ्यात पहिल्यांदा. पोटाला हात लावून, पायरीवर बसून हसली. पोरांना लिंबू सरबत आणि उरलेले कोलाचे दिले. जाताना ती मुलगी माझ्याजवळ आली. विचारलं, सर, नीट झालंय ना? मी बघितलं. नीट झालं होतं. तसं सांगितलं.

म्हणजे हा माझा पहिला वर्गच म्हणायचा.

जॉर्जीन आत गार हवेत झोपलीय. दार उघडं टाकून. मी अजून बाहेरच खुर्चीवर आहे.

मिसेस ओडमला पाठवायच्या निरोपाचा मजकूर इथेच करून ठेवतो:

मिसेस ओडम, त्या दिवशी फोन मध्येच कट झाला. आमच्याकडे लाइन खराब आहे. छपरावरच्या यंत्रांचं ते काम अजून कोणाला दिलं नसेल तर माझी हरकत नाही. चक्कर आता येत नाही. डॉक्टरला विचारायची गरज नाही. पोरांना वर आणायचं झालं तर एखाद्याला मीटर धरू देईन. शिडी माझी मी आणीन. काय ते लवकर कळवा.