ससाण्याची गाडी

सुकापूर, पनवेल
१२ मे २०१४

चि. अवधूत,

वहिनीचा आशीर्वाद. कोमलला आणि प्रांजललाही. अक्षर ओळखलंस का? तुझ्या शाळेतल्या रजेच्या चिठ्ठ्या लिहायचे, त्यानंतर आयुष्यात लिहायचं काम फारसं पडलंच नाही. पत्रात आधी इकडची खुशाली लिहायची पद्धत आहे. ती मी जरा पुढे ढकलते. आधी बाकीचं सांगते.

सुकापूर तुला ओळखू येणार नाही. जिथे आपली भाताची खाचरं होती तिथे सात मजले उभे राहिलेत, खाली केकचं दुकान आहे. सगळी बाहेरची माणसं. मला 'काकी, इथे रिक्षा कुठे मिळेल' म्हणून विचारतात. मागचं चिंचेचं झाड रस्त्यात गेलं. आपलं घर आहे तसंच आहे, फक्त तीन बाजूंनी भिंती आल्यामुळे दुपारीही दिवा लावावा लागतो.

आणि गाडी विकली. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. दिवाळीनंतर नाशिकचे एक गृहस्थ आले होते, त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. तिला पुन्हा पहिल्यासारखी करायची म्हणाले. तू बसवलेलं डिझेलचं इंजिन ते काढणार आहेत. पण सारखं म्हणत होते, "काम कोणी केलंय हे? हात चांगला आहे." तुझे दादूस बॉनेट पुसत राहिले. मी म्हटलं, "घरच्याच माणसाचा आहे."

त्यांना गाडीइतकीच गाडीची कहाणी हवी होती. आधी कुणाची होती, कशी आली, इथवर कुणाकुणाच्या हातून गेली. वही काढून ओटीवर बसले. दादूसनी सगळं सांगितलं, अगदी तू वरातीच्या पोरांना सांगायचास तसंच. पहिला मालक आखातातला एक अरब. त्याला ससाणा घेऊन शिकारीला जायचा नाद, म्हणून विलायतेत रेंज रोव्हर खास बनवून घेतलेली. मागचं छप्पर उघडायचं, बटण दाबलं की मागची सीट माणसासकट वर यायची, पुढच्या दोन सीटांमध्ये ससाण्याला बसायला चामड्यानं मढवलेली दांडी. म्हातारपणी तो पाऊस बघायला मुंबईत येऊन राहायचा, त्यानं बोटीनं गाडी इथे आणली आणि शेवटी हॉटेलवाल्यालाच देऊन टाकली. हॉटेलवाल्याच्या मुलांनी ती शूटिंगला गाड्या पुरवणाऱ्याला विकली. त्यानं तिला पिवळीधमक रंगवली. आणि मग कळंबोलीत, ट्रकांच्या तळावर, चारी टायर बसलेली ती तुम्हा दोघा भावांना दिसली. गेला होतात डंपर बघायला.

तुम्ही ती ओढत घरी आणलीत तो दिवस मला लख्ख आठवतो. मी म्हटलं, डंपर कुठाय? दादूस तुझ्याकडे बघत म्हणाले, "याला इचार." तू म्हणालास, "वयनी, डंपर काय कोणाकडं पन असतो!" जनीआत्या कुंपणावरून वाकून बघत होत्या. त्या दांडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आनि पोपट कदी आणताव?" महिनाभर सगळं गाव तुला पोपट म्हणत होतं.

पण तू ती चालू केलीस. आयटीआयला शिकलेलं सगळं तिच्यावर खर्ची घातलंस. पांढरी रंगवलीस. आणि पुतण्या निकेशच्या लग्नात त्याला मागच्या सीटवर बसवून बटण दाबलंस, तो मुंडावळ्यांसकट वर आला, तेव्हा बेंजोवाले वाजवायचे थांबले रे! त्यानंतर कामोठ्यापासून उरणपर्यंत कुणाचं लग्न ठरलं की आधी आपल्याकडे माणूस यायचा. हॉलची तारीख नंतर, गाडीची आधी. दादूस पुढे बसायचे कडक इस्त्रीचा शर्ट घालून, चालवायचास तू. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पोटी मूल नाही, पण त्या वर्षांत घर कसं भरलेलं असायचं.

मी फिरून फिरून जुनंच लिहिते आहे, कळतंय मला.

बेलपाड्याच्या त्या वरातीबद्दल आपण तिघं पुन्हा कधी बोललोच नाही. तिथे प्रांजल गाडीला हात लावायला धावली आणि कोमलनं तिला मागे ओढलं. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं, मांडवाच्या खांबामागे उभी होती बिचारी. तू उतरलास, पोरीला उचललंस, वर बसवलंस आणि बटण दाबलंस. मी बघत होते. पोरगी हसत होती आणि बायका एकमेकींकडे बघत होत्या. मला तेव्हाच वाटलं होतं की हा आता काही ऐकायचा नाही.

तू जेव्हा म्हणालास की कोमलशी लग्न करायचंय, तेव्हा दादूस लग्नाला नाही म्हणाले नव्हते, हे तुलाही आठवत असेल. "कर. कोर्टात कर. मी सही करीन. पन वरात नाय. ती गाडी नाय."

तू विचारलंस, "का नाय?"

"त्या गाडीतून सवाशिणी उतरतात. उद्या कोन नेल आपली गाडी?"

मी म्हटलं होतं, नवरा मेला त्यात तिचा काय दोष? माझ्यावर ओरडले. तू नाही ओरडलास. चावी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "वयनी, एवढ्या पोरांना वर बसवलं. मना कोनी बसवला नाय." आणि रिक्षेत बसून गेलास. जेवण तयार होतं. बोंबलाचं कालवण होतं.

तू गेल्यानंतरचं तुला माहीत नाही, ते सांगते.

पुढची वरात कामोठ्याला होती. दादूसनी स्वतः चालवली. सीट वर गेली ती खाली येईना. नवरा वर, मांडवाच्या कमानीला डोकं लागतंय, खाली बेंजो चालू. बटण दाबून दाबून यांचा अंगठा लाल झाला. शेवटी पोरांनी शिडी लावून नवऱ्याला उतरवलं. लोक हसले, पण वाईट नव्हते हसले. फक्त एक म्हातारा म्हणाला, "गुरुदत्त, तुजा भाव नाय आला?" घरी आल्यावर जेवले नाहीत. त्यानंतर कुणी विचारायला आलं की सांगायचे, गाडी बिघडली हाय. बिघडली नव्हती. निकेशनं एका मेकॅनिककडून सीट दुरुस्त करून घेतली होती. हे रोज सकाळी ताडपत्री काढायचे, गाडी चालू करायचे, जरा वेळ आत बसायचे आणि पुन्हा ताडपत्री घालायचे. मी चहा तिथेच नेऊन द्यायचे.

आम्ही चिपळूणला आलो होतो, अवधूत.

गेल्याच्या गेल्या वर्षी, थंडीत. मला सांगितलं परशुरामाच्या दर्शनाला जाऊ. एसटीनं आलो. देवळात पाच मिनिटं थांबले असतील, मग म्हणाले, "चल, बाजारात जाव." तुझ्या गॅरेजचा पत्ता त्यांनी कुणाकडून काढला होता देव जाणे. समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. तू एका जीपच्या खाली होतास, नुसते पाय दिसत होते. मी पाय ओळखले. मी उठणार तर यांनी माझा हात धरला. तेवढ्यात प्रांजल आली शाळेच्या गणवेशात, हातात डबा. वाकून म्हणाली, "पप्पा, जेवायला या, मम्मी ओरडतेय." तू बाहेर आलास, हात पुसलेस, तिची वेणी ओढलीस.

हे म्हणाले, "पोरगी पप्पा बोलते त्याला."

मी म्हटलं, "मग? चला ना आता. समोर तर आहे."

"काय तोंड घेवून जाऊ? मोकळ्या हातानं?"

"तुम्ही हात घेऊन गेलात तरी पुरे आहे त्याला."

उठले, रस्त्यापर्यंत गेले. मधून एक ट्रक गेला. तो गेल्यावर बघते तर हे परत टपरीकडे वळलेले. म्हणाले, "असं चोरासारखं नाय. गनपतीला बोलवीन. गावासमोर, रीतीनं बोलवीन." मी भांडले. येताना एसटीत पनवेलपर्यंत बोलले नाही त्यांच्याशी. तुझ्या गॅरेजच्या पाटीवरचा पत्ता आणि नंबर मात्र मी तिकिटाच्या मागे उतरवून घेतला होता.

गणपतीच्या आधी त्यांचं पोट फुगायला लागलं. लिव्हर म्हणाले डॉक्टर. आयुष्यात थेंब घेतला नाही, आणि लिव्हर. त्या वर्षी गणपती दीड दिवसाचाच ठेवला. बोलावणं राहिलं. मी म्हणायचे, मी फोन करते. म्हणायचे, "आजारी हाय म्हनून येल तो. तसा नको. मना जरा बरा होऊ दे."

गाडी विकायचं तेव्हाच ठरवलं. म्हटलं अवधूतला विचारा, त्याला द्या. तर म्हणाले, गाडी गळ्यात मारायला आठवन आली, असा वाटंल त्याला. मग ते नाशिकचे गृहस्थ आले, ओटीवर बसले, आणि मी वर लिहिलं तसं एकेक मालक लिहून घेत गेले. अरब, हॉटेलवाला, शूटिंगवाला. मग विचारलं, "आणि त्यानंतर तुम्ही. तुमचं पूर्ण नाव?"

हे म्हणाले, "लिवा, अवधूत."

"कागदावर तर गुरुदत्त आहे."

"कागद माज्या नावावर हाय. मालक तो. मी निस्ती चावी ठेवून घेतली."

त्या गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी लिहिलं. मोठ्या ट्रकवर चढवून गाडी नेली, तेव्हा हे बाहेर आले नाहीत. आत भिंतीकडे तोंड करून पडून होते. जनीआत्या आल्या आणि म्हणाल्या, "गुरुदत्त, पोपट गेला रं." त्यावर हसले. हसता हसता रडले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही.

आता खुशाली.

तुझे दादूस गेले, अवधूत. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, घरीच. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती. त्याआधी बोलत होते तेव्हा तुझं नाव घेतलं, पण मी खोटं लिहिणार नाही, मोठं काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्याला चिपळूणला पानी लय लागतंय का गो पावसात? गॅरेज सखल हाय." अग्नी निकेशनं दिला.

त्याच दिवशी मी फोन लावला होता तुला. पाटीवरच्या नंबरावर. प्रांजलनं उचलला. "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणाली. मी तिची कोण? काकी म्हणू, की मोठी आई म्हणू, आजवर तिला एक खाऊचा पुडा पाठवला नाही या घरातून. ती पुन्हा म्हणाली, "कोण पाहिजे तुम्हाला?" मी ठेवून दिला. बायका दारात आल्या होत्या. नंतर निकेश म्हणाला मी करतो, तर मी त्यालाही थांबवलं. माझ्या तोंडून कळावं असं वाटत होतं, आणि माझ्या तोंडून निघत नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. महिना उलटला. त्यासाठी तू माझ्यावर रागावलास तरी चालेल.

आणखी एक सांगायचं आहे, आणि ते कोमलसाठी आहे. तिला वाचून दाखव.

काल जनीआत्यांच्या नातवाची हळद होती. शेजारचंच घर. या अंगणात मी एका हळदीला चुकले नाही, हळदीची धवलागाणी सगळ्यांत जास्त मलाच येतात. काल जनीआत्या स्वतः आल्या बोलवायला. चांगल्या बाई आहेत, तुला माहीत आहेत. दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शशी, जेवाला ये हां. उशिरानं ये." मी हो म्हटलं. त्या गेल्यावर लक्षात आलं, उशिरानं म्हणजे हळद लावून झाल्यावर. पलीकडे बायका गात होत्या, एक ओळ चुकीची म्हणत होत्या. मी आत पोळपाट पुसत बसले, आधीच पुसलेला.

कोमल, तू त्या खांबामागे उभी होतीस ना, तुझ्या जागी उभं राहिल्याशिवाय ते कळत नाही ग. मी तेव्हा तुझी बाजू घेतली होती, पण ती तोंडानं. तुझ्याजवळ येऊन उभी राहिले नव्हते. पोरीला घेऊन ये. माझ्याबरोबर धवलं म्हणायला कुणीतरी पाहिजे.

अवधूत, दिवसकार्य झालं, वर्षश्राद्धापर्यंत थांबू नकोस. पाऊस लागायच्या आत या, तिघंही. गॅरेज चार दिवस बंद ठेव. रात्रीच्या गाडीनं चोरासारखा येऊ नकोस, दिवसाउजेडी ये, गावातून चालत ये. कुणाच्या बोलावण्याची वाट बघू नकोस. हेच बोलावणं समज. यांना जमलं नाही ते मी करते आहे, आणि फार उशिरा करते आहे, हेही मला कळतं.

पत्राखाली सही करताना सवयीनं 'सौ.' लिहिलं होतं. ते खोडलं. निकेशची बायको म्हणते, आता 'गं. भा.' लिहायचं असतं. तेही नाही लिहिलं. तुझ्या रजेच्या चिठ्ठ्यांवर शाळेतल्या बाई विचारायच्या, ही सही कुणाची, आणि तू सांगायचास, माझ्या वहिनीची. तेवढंच पुरे.

तुझी वहिनी,
शशिकला