कापलेल्या शिट्ट्या

कुरुळी, रविवार, संध्याकाळ

आज रुबीनानं तलावात उडी मारली आणि ती काठच्या झाडीमागं दिसेनाशी झाली, तेव्हाच माझं सगळं बदललं.

चूक माझीच. मी इथं तलावावर सहलीच्या बोटी चालवतो. लाइफ जॅकेटांच्या शिट्ट्या मी कापून ठेवल्या होत्या. सहलीची पोरं दिवसभर फुंकत बसतात, डोकं उठतं. रुबीना म्हणजे बोटींची इंजिनं बघणाऱ्या चाचांची मुलगी. तिनं आज जॅकेटं तपासली आणि सगळ्या बोटी थांबवल्या. गिऱ्हाईक ताटकळलेलं. मी भडकलो, "जॅकेट तरंगतंय ना? मग शिट्टी कशाला?"

"कॉलेज अर्धवट सोडलंस ते तुझं तू बघ. जॅकेट अर्धवट चालणार नाही," म्हणाली, आणि स्वतःचं शिट्टीवालं जॅकेट घालून थेट पाण्यात.

मी बोट घेऊन मागं निघालो, हाका मारल्या. वाऱ्यात ती कुठं आहे काहीच कळेना. मग तिची शिट्टी ऐकू आली. बोट सरळ तिकडं वळवली, तिला वर ओढून घेतलं.

काय पोरगी आहे राव. दात वाजतायत, तरी म्हणते, "उद्या शिट्ट्या जागेवर नसतील तर बोटीला हात लावू नकोस."

मनातलं सांगावं का तिला? नको, आधी शिट्ट्या. कापलेल्या शिट्ट्या आणि सुईदोरा पिशवीत घेतलाय. जॅकेटं चाचांच्या शेडमध्ये आहेत, तिच्यासमोरच बसून शिवतो. पिशवी उचलतो. दार लावून निघतोच.