सहावी गोळी

४ मे १९५७, शनिवार
टीव्हीवरच्या काउबॉयांचा वीट आला. रोज संध्याकाळी तेच. इस्त्रीचे शर्ट, दाढी गुळगुळीत, आणि सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून अकरा गोळ्या. (मोजल्या.) आमच्या वायोमिंगची ही अशी शोभा! मी, व्हर्लिन स्ट्राउड, निर्णय घेतला आहे. खरंखुरं जुन्या धाटणीचं रिव्हॉल्व्हर घ्यायचं. दर गोळीला आधी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मग चाप. संयमी माणसाचं हत्यार. वापर अधूनमधून. महिन्यातला एखादा शनिवार, चार डबे उडवायचे, घरी यायचं. बस्स.
आर्डिथला सांगितलं. म्हणाली, "लिनोलियमच्या फरश्या विकतोस तू. फरशीवर गोळ्या झाडणार का?" लग्नाला बावीस वर्षं झाली, बायकोला इतिहासाची गोडी लावता आली नाही.

६ मे
घेतलं. टॉलिव्हरच्या हार्डवेअरच्या दुकानातून. निळसर काळं पोलाद, अक्रोडाची मूठ. हातात धरल्याबरोबर पाठ आपोआप ताठ झाली.
टॉलिव्हर म्हणाला, "साहेब, घरं सहा असली तरी काडतुसं पाचच भरा. घोडा टेकतो ते घर रिकामं ठेवा. सहा भरलीत आणि रिव्हॉल्व्हर पडलं, तर गोळी जागच्या जागी सुटते."
मी विचारलं, मग किंमतही पाच-षष्ठांशच घेणार का?
हसला नाही. खिळे तोलायला निघून गेला. या गावातले दुकानदार म्हणजे शी.

९ मे, दुपार
जेवणाच्या सुट्टीत दुकान बंद करून आरशापुढे सराव. रिकामंच, अर्थात. कमरेला पट्टा, पट्ट्याला कातडी म्यान. झटकन उपसणं जमतंय. (टीव्हीशी काही संबंध नाही. मनगटाचा व्यायाम.) मिसेस हॉफस्टेटर स्वयंपाकघराच्या फरशीचे नमुने बघायला आल्या होत्या. काचेतून पाच मिनिटं मलाच बघितलं आणि गेल्या. परत येतील.

११ मे
कोरड्या ओढ्यात पहिली नेमबाजी. बरोबर वेंडेल कॉप. पहिलीपासूनचा मित्र. धान्याच्या कोठारावर कामाला. दांडग्या अंगाचा, पण विचाराने बेताचा.
डबे सहा. माझ्या गोळ्या अठरा. डबे सहाच राहिले. वारा आडवा होता. वेंडेलने पाच झाडल्या, तीन डबे पाडले. त्या वेळी वारा पडला होता.
त्याने भरतानाही पाचच भरल्या. म्हणाला, "माझ्या बापाचं असंच होतं. पाचच." मी म्हटलं, तुझा बाप घाबरट असेल. तर म्हणतो, "बरं. पण झाडताना डोळे तरी उघडे ठेव की गड्या."
डोळे मिटत नाहीत. पापणी लवते. दोन्हीत फरक आहे.

१८ मे
महिन्यातून एकदा ठरलं होतं, पण सुरुवातीला सवलत हवी. परत ओढा. एक डबा पाडला! वेंडेलच्या मते शेजारचा दगड उडून लागला. त्याच्या बोलण्याचा उबग येतो हल्ली. काडतुसं भिकार. डबे बारीक. आजकाल टोमॅटोचे डबेसुद्धा नीट करत नाहीत.
निश्चय: यापुढे सहा भरायच्या. हत्यार ज्याचं, हिशेब त्याचा.

२५ मे
लिहिण्यासारखं विशेष नाही. ओढ्यात गेलो. सहा भरल्या. वेंडेलला म्हटलं, आता बघ. झटकन उपसलं. मूठ घामाने निसरडी होती, सटकली. रिव्हॉल्व्हर दगडावर घोड्याच्या बाजूने पडलं आणि एक सुटली. वेंडेल कॉफी ओतत होता. थर्मास फुटला. मी तातडीने रिव्हॉल्व्हर उचलून रुमालाने पुसलं. मुठीला बारीकसा ओरखडा, बाकी सुखरूप. नशीब!
वेंडेल कोण जाणे का, खालीच बसून राहिला होता. पँट कॉफीने भिजलेली. घरी येताना गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसला. मनाला लावून घेतलं वाटतं. थर्माससाठी!

२६ मे, रविवार
चर्चमध्ये वेंडेल आमच्या बाकावर बसला नाही. पुढे जाऊन गुडरिचांच्यात बसला. गुडरिच घोरतो. माणसाची निवड बघा.
आर्डिथने विचारलं, काय झालं? म्हटलं, थर्मास. ती म्हणाली, "ओपल मला म्हणाली, गोळी गुडघ्यापासून वीतभर होती." ओपल म्हणजे वेंडेलची बायको. तिला वाढवून सांगायची सवय आहे. वीतभर नव्हती. दीड वीत असेल.

१ जून
वेंडेल बोलिंगला आला नाही. एकट्याने खेळलो. स्कोअर लिहायला कोणी नव्हतं, म्हणून लिहिला नाही. जेवण गेलं नाही. बहुधा सॉसेज शिळं.

८ जून
सकाळी रिव्हॉल्व्हर टॉलिव्हरला परत दिलं. त्याच्याकडूनच नवा थर्मास घेतला. हिरवा, मोठा, वेंडेलच्या जुन्यापेक्षा सरस. मग त्याच्या घरी गेलो. जाळीच्या दारातून ओपलने बघितलं आणि त्याला हाक मारली.
वेंडेल बाहेर आला. मी सगळं पाठ करून गेलो होतो. वारा, घाम, मुठीचा घाट. थर्मास पुढे केला आणि म्हटलं, "चुकून सुटली रे."
म्हणाला, "माहीत आहे. चुकून कोणाच्याही हातून सुटते. त्याचं मला काही नाही."
"मग?"
"मी खाली बसलो होतो, व्हर्लिन. मला वाटलं पाय गेला. भीतीने खाली बघवत नव्हतं. तू माझ्या अंगावरून वाकून बंदूक उचललीस. आणि पुसलीस."
थर्मास घेतला नाही. दार आपटलंही नाही, हळूच लावलं.
घरी आलो. आर्डिथने विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, थर्मास नको म्हणाला.
वही उघडून २५ मेचं पान काढलं. ‘लिहिण्यासारखं विशेष नाही’ ही ओळ खोडली.