चप्पल पायात राहिली

ती. ताईस,
धाकटीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. देवाच्या कृपेने गर्भपिशवीचं ऑपरेशन पार पडलं, टाके सुकले.

उजवं पाऊल मात्र उचलत नव्हतं, चप्पल गळून पडायची. हे म्हणाले, "नवी घेऊ." म्हटलं, "चप्पल धड आहे, पायच रुसलाय." हे हसले, पण दोघांनाही लकव्याची धास्ती होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशनभर पाय आधारांवर उंच होते, गुडघ्याजवळची नस दबली, हळूहळू सुटेल. काल तीच चप्पल घालून फाटकापर्यंत गेले.

पुढच्या महिन्यात तुझंही हेच ऑपरेशन. भाऊजींना रजा मिळाली का? तुझा गुडघा पुरता वाकत नाही, हे भूल देण्याआधीच सांग. जागेपणीच त्या आधारांवर पाय ठेवून बघायला लाव. लाजू नकोस, तिथे सगळ्यांचेच पाय वर असतात.

तुझीच,
धाकटी