निळ्या डब्या, नग चाळीस

४ फेब्रुवारी
ऑकलंडहून खोकं आलं. चाळीस डायफ्रॅम, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून बायकांनी आत बसवायच्या रबरी टोप्या, प्रत्येक निळ्या डबीत. चाळीस बायकांना द्यायचे, सहा महिन्यांत कितीजणींना तरीही दिवस जातात ते बघायचं. बस्स. ऑकलंडच्या मॅडमनी फोनवर विचारलं, पुरुष माणसाला जमेल ना? म्हटलं, अख्खं बेट माझ्या नात्यातलं आहे. पंधरा दिवसांत यादी पूर्ण. खोकं पलंगाखाली ठेवलं.

५ फेब्रुवारी
लोसा म्हणाली, त्यातली एक मला दे ना. चौथ्या बाळंतपणात रक्त थांबत नव्हतं, डॉक्टर म्हणाले पाचवं म्हणजे जिवाशी खेळ, गोळ्या तिला सोसत नाहीत. सगळं माहीत आहे. पण कर्मचाऱ्याची बायको चाचणीत चालत नाही. शांतपणे समजावलं. आपण जपू, असंही म्हटलं. ती पाठ फिरवून झोपली. पटलं असावं.

११ फेब्रुवारी
सात घरं. नोंदणी शून्य. डबी उघडली की बाई उठून जाते. मालिया तर खिडकीतून गेली. बहिणीसमोर असला विषय काढायचा नसतो हे काय मला कळत नाही? आणि इथे चुलत, मामे, मावस, सगळ्या बहिणीच. पण मी भाऊ म्हणून गेलोच नव्हतो. गळ्यात आयकार्ड होतं. उद्यापासून मोठं आयकार्ड.

२ मार्च
मोठ्या आयकार्डाचा उपयोग नाही. म्हणून आज चर्चमध्ये, गाण्याची तालीम संपल्यावर, सगळ्यांना एकदमच सांगितलं. तक्ता लावला. तक्ता सुरेख झाला होता. बायका उठल्या. बहिणी ऐकताहेत म्हणून पुरुषही उठले. उरलो मी आणि पाद्री. ते म्हणाले, हे गुंडाळ, आणि जाताना पंखा बंद कर.

९ मार्च
फुसी आत्या आली. तीस वर्षं सुईणपण केलेलं. तिच्यापुढे बाबासुद्धा मान वर करत नाहीत. म्हणाली, अरे गाढवा, तुझ्या तोंडून कोण ऐकणार हे? खोकं मला दे. बायका चटया विणायला माझ्याकडेच बसतात. आठवड्यात चाळीसच्या चाळीस वाटते. तू फक्त लांब राहा.
विचार केला. पण आत्याकडे ट्रेनिंगचं सर्टिफिकेट नाही. जन्मात पहिल्यांदा आत्याला नाही म्हटलं. विज्ञानासाठी. ती लोसाकडे बघत राहिली, लोसा तिच्याकडे. बायकांचं आपलं काहीतरी.

१७ एप्रिल
नोंदणी शून्य. लोसाने पुन्हा विचारलं. नुसत्या पडून आहेत, एक गेली तर मोजतंय कोण? मी मोजतो, म्हटलं. दर शनिवारी मोजतो. चाळीस भरतात.

२६ मे
आपला रग्बी संघ जिंकला! रात्रभर गाणी. आपण जपतो आहोतच. काल सोडून.

१ ऑगस्ट
अहवाल लिहायला घेतला. 'चाळीस डायफ्रॅम, सहा महिने, एकही निकामी ठरला नाही.' वाक्य दोनदा वाचलं. खोटं नाही त्यात काही.

६ ऑगस्ट
लोसाला दिवस गेलेत. दोन महिने उलटले. आज कळलं, मला सोडून सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. आत्या तपासून गेली. म्हणाली, सातव्या महिन्यातच मोठ्या हॉस्पिटलात न्यायची, बोट मिळाली तर. हे तिने लोसाला सांगितलं, मला नाही. लोसा धाकटीची वेणी घालत बसली. मला भीती वाटते.

अहवालात एक रकाना राहिलाय: 'दिवस गेलेल्या स्त्रिया'. नोंदणी केलेल्यांपैकी, म्हणजे शून्य. शून्य लिहिलं. मग खोडलं.

खोकं बाहेर ओढलं. शनिवार नव्हता, तरी मोजल्या. चाळीस आहेत.