पावाचं टोक

४ फेब्रुवारी १९४४

आला परत तो चकचकीत बुटांचा कर्नल! भाषा आपलीच इटालियन, हातवारे आपलेच, फक्त टोपीवरचं चिन्ह नवं. हजेरीला बर्फात ताटकळत ठेवलं आणि सुरू – "सही करा, जर्मनांच्या बाजूच्या नव्या सरकारच्या फौजेत या, महिन्याभरात आईच्या हातचं जेवाल!" शेजारच्या बराकीतले चौघे गेले. जाताना खाली मान घालून. मी त्यांच्याकडे बघून मोठ्यांदा थुंकलो.

सप्टेंबरात आपल्या सरकारने युद्ध सोडलं आणि जर्मनांनी आम्हाला धरलं, तेव्हापासून मी एकच सांगतोय – उपाशी मरेन, सही करणार नाही. पोलंडच्या या उजाड माळावर आणून टाकलं तरी तेच. आमच्या बराकीत अजून एकानेही सही केलेली नाही. माझ्या तोंडाला घाबरतात. घाबरू देत!

जानेवारीतल्या तापाचे दिवस तेवढे आठवत नाहीत. काय बरळलो कोण जाणे.

७ फेब्रुवारी

पावाचं टोक आज मला. परवाही मलाच. आपलं नशीब पहिल्यापासून जोरात. फाशांतही मला कुणी हरवलेलं नाही.

९ फेब्रुवारी

सात जणांत एक पाव. कापतो कॅप्टन माल्वेत्सी – मोडेना शहरात त्याचं सलामीचं, म्हणजे मुरवून सुकवलेल्या मांसाचं, दुकान होतं, म्हणून तो मान त्याला. सुरी म्हणजे चमच्याचा दांडा, दगडावर घासून घासून धार आणलेला. कापून झालं की व्हेनिसचा झोर्झी टेबलाकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून उभा राहतो. माल्वेत्सी एका तुकड्यावर बोट ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" झोर्झी न बघता नाव घेतो. ज्याचं नाव त्याचा तुकडा, तक्रार नाही. सगळ्या छावणीत हीच रीत. कारण मधला पाव म्हणजे ओला लगदा – अर्धा भुसा, अर्धं पाणी. टोक मात्र भरीव, कडक, चघळून चघळून पुरवता येतं. आम्ही सगळे शिकलेले, इस्त्रीच्या कपड्यांतले अधिकारी! त्या टोकासाठी एकमेकांचे गळे धरू.

माल्वेत्सी कापताना एक डोळा बारीक करतो ते मला आवडत नाही. दुकानदार तो दुकानदार. काटा मारायची सवय हाडात असते. बाबा म्हणायचे, सलामीवाल्याशी हात मिळवलास तर नंतर आपली बोटं मोजून घे.

१३ फेब्रुवारी

त्या ओत्तोलिनी वकिलाला एक दिवस मी गाडणार आहे. दिवसभर पडल्या पडल्या आईच्या हातच्या सशाचं वर्णन! ससा रात्रभर वाइनमध्ये कसा मुरवायचा, मग रोझमेरी, मग लसूण, मग मक्याच्या पिठाचा पोलेंटा कसा घोटायचा... पोटात आग पडते माझ्या!

"गप्प बस," मी ओरडलो, "नाहीतर तुझाच ससा करीन!"

तर डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, "सार्तोरी, माझ्याच्याने आता होत नाही रे. पुढच्या वेळी कर्नल आला की मी..."

"जा ना! जा आणि चाट त्याचे बूट! कोर्टात तरी दुसरं काय करत होतास?"

माल्वेत्सी कोपऱ्यातून म्हणाला, "बोलू दे त्याला. सशाला पैसे पडत नाहीत." बुद्धिबळाचे जोडीदार ना दोघे! खड्यांची प्यादी करून खेळत बसतात. आणि एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही – आमची सगळ्यांची हाडं वर आलीत, मग या वकिलाचे गाल गुबगुबीत कसे?

१६ फेब्रुवारी

सापडले! चोर सापडले!

झोर्झी संडासाच्या रांगेत होता, पाव अजून यायचा होता. मी सहज त्याच्या जागी जाऊन उभा राहिलो. बाहेर अंधार पडलेला, मागे टेबलावर दिवा. समोर खिडकीची काच. काचेत टेबल, फळी, सुरी, माल्वेत्सीची बोटं – आरशासारखं सगळं लख्ख!

गुपचूप माझ्या जागेवर परतलो. झोर्झी आला, पाव आला, कापून झाला. मी झोर्झीच्या डोळ्यांवर नजर ठेवली. ते सरळ काचेत होते.

"थांबा!" मी ओरडलो. "हा बघतोय! काचेत सगळं दिसतं! या दोघांचं साटंलोटं आहे!"

सगळे धावून आले, प्रत्येकाने त्या जागी उभं राहून बघितलं. मग जो गदारोळ झाला! माल्वेत्सीने सुरी हळूच खाली ठेवली. "खरं आहे," म्हणाला. "बरेच दिवस चाललंय. माझी कल्पना. झोर्झीला बोल लावू नका."

"कुणासाठी?"

"ते नाही सांगणार."

"सांगायला कशाला हवं? वकिलाचे गाल बघा!" मी म्हटलं. वकील रडायलाच लागला – "आईशप्पथ, मी नाही! मला कधी टोक आलंय का?" कोण ऐकतंय त्याचं! झोर्झी माझा दंड धरून म्हणाला, "आणि तुला किती वेळा आलं रे, सार्तोरी?" माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, "माझ्या नशिबाला नावं ठेवायचं काम नाही!" तो आणखी काही बोलणार होता, पण माल्वेत्सी त्याच्यावर खेकसला, "झोर्झी, तोंड बंद!" बघा! चोराला चोराची केवढी काळजी!

१७ फेब्रुवारी

निवाडा झाला. माल्वेत्सीशी कुणी बोलायचं नाही. त्याचा पाव फळीच्या कडेला ठेवायचा, हातात द्यायचा नाही. सुरी आता माझ्याकडे. नावं घ्यायला दुसरं कुणी तयार होईना, म्हणून झोर्झीच. पण खिडकीवर मी माझं दुसरं कांबळं ठोकलंय. आता बघ म्हणावं काय बघतोस ते!

२० फेब्रुवारी

एका कांबळ्यात झोप येत नाही. न्यायाची किंमत असते.

२४ फेब्रुवारी

टोक नाही. कांबळं लावल्यापासून एकदाही नाही. नशीब रुसलंय.

सकाळी हजेरीत डोळ्यांपुढे अंधारी आली, शेजाऱ्याने धरलं म्हणून उभा राहिलो. कर्नलचा हस्तक सिगारेट पुढे करून गोड हसला, "काय, लेफ्टनंट? कशाला एवढा हट्ट?" मी घेतली नाही. पण माझा हात जरासा पुढे गेला होता. हे फक्त इथे लिहितोय.

२ मार्च

गेला! माल्वेत्सी गेला! आमच्या बराकीतून सही करणारा पहिला!

कर्नलने विचारलं आणि हा रांगेतून सरळ बाहेर. दोन आठवडे कुणी त्याच्याशी बोललं नव्हतं, बुद्धिबळाचे खडेसुद्धा वकिलाने फेकून दिले होते. बोचकं घ्यायला बराकीत आला तेव्हा माझ्यासमोर थांबला. मला वाटलं, आता गयावया करणार.

म्हणाला, "सार्तोरी, तू फार दाबून कापतोस, भुगा वाया जातो. सुरी ओली करत जा."

बस्स, एवढंच! मी थुंकायला गेलो, तोंडात थुंकीच नव्हती. तो गेल्यावर सगळ्यांना सांगितलं – बघितलंत? मी पहिल्यापासून सांगत होतो. चोर तो चोरच!

३ मार्च

झोर्झीने आज मला नळामागे गाठलं. मी तोंड फिरवलं तर कॉलर धरली माझी.

"ऐक, मूर्खा. ते टोक तुझ्यासाठी होतं."

म्हटलं, "काहीतरी बरळू नकोस!"

"जानेवारीत तापात तू पेन मागत होतास. रात्रंदिवस. कर्नलला बोलवा, सही करतो, मला घरी पाठवा – तुझं तोंड दाबून धरायला दोघं लागायचे. ताप उतरला तरी उभा राहता येत नव्हतं तुला. माल्वेत्सी म्हणाला, हा पडला तर निम्मी बराक याच्या मागून जाईल. याला पायावर उभा ठेवायलाच हवा. माझ्या वाटणीतलंही गेलं तुझ्या पोटात. मी कबूल झालो होतो."

"मला सांगायचं होतंत!"

"तुला? टोक आमच्या तोंडावर फेकून, निव्वळ फुरंगटून तू सही केली असतीस!"

मग मला बराकीत नेलं, झोपलेल्या वकिलाची विजार वर केली आणि त्याच्या पायावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच. कणकेत बोट रुतावं तसा. "हे तुझे गुबगुबीत गाल," म्हणाला. "भूक आहे ही. अंगात पाणी भरतंय त्याच्या."

झोर्झीचा राग येतो. माल्वेत्सीचा त्याहून जास्त. मला न विचारता मला जगवायचा अधिकार त्याला कुणी दिला? चोर! चोर! आणि मी त्याला त्या कर्नलच्या दारात नेऊन सोडलं. त्याने सही केली, मी नाही केली. कशाच्या जोरावर नाही केली? सहा जणांच्या पावाच्या!

५ मार्च

पाव कापला. सगळे तुकडे सारखे. झोर्झी नावं घेतो, माझ्याकडे बघत नाही.

८ मार्च

कर्नल उद्या येणार. संध्याकाळी वकिलाने माझ्याकडेच पेन मागितलं. माझ्याकडे! सशाचं नावही काढत नाही आता.

पाव आला. मी खिडकीवरचं कांबळं काढलं. "रात्री थंडी वाजते," म्हटलं.

सुरी ओली केली. एक टोक बोटभर जाड कापलं आणि त्यावर बोट ठेवलं. "हा कुणाचा?"

झोर्झीने मान वर करून काचेत बघितलं. मग म्हणाला, "वकिलाचा."