गुडघ्याची फुशारकी

युटॉ, अलाबामा

प्रिय जॅरियस,

माझ्या दुकानातलं डुकराच्या बरगड्यांचं एक ताट, सोबत मक्याचा पाव आणि गोड चहा, मला सहा डॉलरना पडतं. फेब्रुवारीत एका गृहस्थाला मी ते फुकट खाऊ घातलं. खरं कितीला पडलं, ते परवा कळलं.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र मावशीजवळ देतोय. ती म्हणाली, बर्मिंगहॅमला गोदामात ट्रक भरतोस, कुणाला टीव्हीवर फुटबॉल लावू देत नाहीस.

निवडीच्या त्या तीन दिवसांबद्दल आपण बोललोच नाही. पहिल्या रात्री अंगणात मांडव, अर्धं गाव, पाद्रीबुवांची प्रार्थना. बत्तीस व्यावसायिक संघ आळीपाळीने कॉलेजची पोरं उचलत होते आणि तू समोर फोन ठेवून बसलेला. तिसऱ्या दिवशी, शेवटच्या फेरीत, तो एकदाचा वाजला. सगळे ताडकन उभे राहिले, तर पलीकडे तुझा रसेलकाका : "काय रे, कुणी घेतलं का?" तुझी आई आत गेली ती बाहेर आलीच नाही. मी आपला ओरडत होतो, "आंधळे आहेत लेकाचे!"

परवा दुकानात परक्या कॉलेजचे दोन प्रशिक्षक जेवायला आले. मला कुणी ओळखलं नाही. माझे कान तुला माहीत आहेत, भट्टीपाशी उभा राहून रस्त्यापलीकडची कुजबुज ऐकतो. एक म्हणाला, "मॅब्रीचं पोरगं चपळ होतं रे, पण गुडघा गेलेला. डॉक्टरांपासून लपवला." दुसरा म्हणाला, "उगाच कंड्या पिकवू नकोस. कोण म्हणतं?" "कोण काय, खुद्द बाप!"

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली.

फेब्रुवारीतला तो गृहस्थ म्हणजे केस्लर, त्या बत्तीसांतल्या एका संघाचा, पोरं हेरणारा माणूस. घोडा घेताना दात बघतात, तशी ही माणसं गावभर फिरतात. न्हाव्याला विचारतात, मास्तरांना विचारतात, शेवटी बापाला. बोटं चाटत तो म्हणाला, "पोरगं गुणी आहे हो, पण जरा मऊ वाटतं." त्या 'मऊ'नं माझं डोकं फिरलं. म्हणालो, "मऊ? अहो, अख्खा मोसम फुटक्या गुडघ्यावर खेळलाय! रात्री पाय बर्फात, सकाळी मैदानात. डॉक्टरला पत्ता लागू दिला नाही. मॅब्रींच्या घरात रडत नाहीत!" तो चावायचा थांबला. "असं?" म्हणाला, आणि आणखी रस्सा मागितला. मला वाटलं, पोरगं विकलं गेलं. संघांचे डॉक्टर पोरांना तपासतात, त्या मोठ्या मेळाव्याचं बोलावणं तुला नव्हतंच. मग गुडघा बघणार कोण? हे संघ एकमेकांचे वैरी, पण अफवा वाटून खातात.

पोरा, तू कमी पडला नाहीस. तुला वाटतंय तसं नाही. तीन दिवस तू मान खाली घालून बसलास, ती माझी जागा होती.

काल केस्लरला फोन करून सगळं ओकलो. तो म्हणाला, "मॅब्री, भट्टी सांभाळ आणि तोंड मिट." पण त्याच्या संघात न निवडलेल्या पोरांची चाचणी पुढच्या शुक्रवारी आहे, तिथे तुला पाठव म्हणाला. आधी त्यांचा डॉक्टर गुडघा बघेल, मगच मैदानात सोडतील. पुढचं वचन नाही. त्याचा नंबर मावशीजवळ दिलाय. मला माफ करू नकोस हवं तर, पण जा. डॉक्टरनं विचारलं, तर काल मी केस्लरला जे खरं सांगितलं तेच सांग : गुडघा जन्मात एकदाच सुजला, माझ्या दुकानात सांडलेल्या चरबीवरून पाय घसरून, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उतरला.

तुझाच,
बाप